घड्या घातलेलं पत्र

शैलाचा फोन आला तेव्हा मी पेणच्या एसटी स्टँडवर उभी होते. रोह्याची गाडी वीस मिनिटं उशिरा होती, हातात पेजेचा डबा होता आणि मी मनातल्या मनात त्या खिडकीतल्या कंट्रोलरला बोलत होते. शैला म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, नंदूची बायको. "वन्सं, निघालात का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "गाडीच नाही गं अजून." ती म्हणाली, "सावकाश या. आता घाई नाय." तेवढ्यावरून कळलं. या वयात अशा गोष्टी कुणी फोडून सांगाव्या लागत नाहीत. गाडी आली, मी चढले, खिडकीची जागाही मिळाली आणि पेजेचा डबा मांडीवर घेऊन मी रोह्यापर्यंत गेले. नागोठण्याला शेजारच्या बाईने विचारलं, "डब्यात काय हाय?" मी म्हटलं, "पेज. भावासाठी." "आजारी हाय का?" मी हो म्हटलं. खोटं बोलायचं मनात नव्हतं, पण खरं सांगायला त्राण नव्हतं.

त्याला आता सहा आठवडे झाले. मी निवृत्त मास्तरीण, त्यामुळे आमच्याकडे कुणी गेलं की चार ओळी लिहायचं काम माझ्याकडे येतं. या वेळी मी टाळत होते. नंदूबद्दल लिहायचं तर एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी पन्नासाहून जास्त वर्षं कुणाला सांगितलेली नव्हती. ती आधी त्याला सांगायची होती. तो किती मायाळू होता, किती कष्टाळू होता हे सगळं त्या गोष्टीच्या आजूबाजूला येईलच. नाही आलं तर माझ्या लिहिण्याचा दोष समजा.

आमचं गाव पेण आणि नागोठण्याच्या मधलं, रस्त्यापासून आत. भात निघालं की त्याच शेतात वाल पेरायचा, एवढाच शेतीचा पसारा. नंदू माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तो एका जागी बसलेला कुणी पाहिला नव्हता. जेवताना दोन घासांच्या मध्ये उठून गोठ्यात जाऊन यायचा. शाळेत गुरुजी त्याला उंबऱ्याजवळ बसवायचे, कारण आत बसवला तर तो बाहेर जाताना चार जणांच्या पाट्या तुडवायचा. आई म्हणायची, याच्या अंगात भोवरा आहे. तोंडी हिशेब विचारा, गुरांची नावं विचारा, ऐकलेली गोष्ट परत सांगायला लावा, नंदू फटाफट सांगायचा. पुस्तक उघडलं की मात्र संपलं. पहिली ओळ बरी जायची, दुसरीची सुरुवात व्हायची आणि तिसरीच्या मध्येच कुठेतरी तो उतरायचा. मग तीच ओळ पुन्हा. मग हसायचा, मग खिडकीबाहेर बघायचा. गुरुजी म्हणायचे, लक्ष नाही. अण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे, लक्ष नाही. मीही म्हणायचे, लक्ष नाही. मला तर ते म्हणायला फार आवडायचं, कारण माझं लक्ष होतं.

त्या काळी पुस्तकं घरात वारसाने यायची. माझं पुस्तक तीन वर्षांनी नंदूला, त्याच्याकडून काकांच्या मुलीला. मी माझ्या पुस्तकांना खाकी कागद लावायचे, पान उलटताना बोटाला थुंकी लावायचे नाही, आणि पहिल्या पानावर नाव घालताना आधी पेन्सिलने रेघ मारून घ्यायचे. चौथीचं मराठीचं पुस्तक नंदूला देताना मी त्याला दहा सूचना दिल्या होत्या. त्या वर्षी, वाल सोलायच्या दिवसांत, एका दुपारी नवल झालं. आई पडवीत शेंगा सोलत बसली होती आणि नंदू तिच्यासमोर उभा राहून धडा वाचत होता. एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होता, पण वाचत होता. अख्खा धडा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता. आईचे हात थांबले. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिला त्याचं कौतुक माझ्यापेक्षा जास्त कळलं. तिने त्याला जवळ घेतलं आणि मूठभर भाजलेल्या शेंगा दिल्या. माझी खात्री होती की त्याने पाठ केलं असणार. मी हळूच पुस्तक उघडून पाहिलं.

पानापानाला आडव्या घड्या होत्या. दोन ओळींखाली एक घडी, परत दोन ओळींखाली एक, अशा खालपर्यंत. पंखा करायला कागद दुमडतात तसं माझं पुस्तक झालं होतं. माझं, नाव घातलेलं, खाकी कागद लावलेलं.

मी ते अण्णांना दाखवलं. मी सांगितलं. हे वाक्य लिहायला मला आज सकाळपासून चार कप चहा लागला आहे. अण्णा मारकुटे नव्हते. त्यांनी नंदूला दोनच फटके दिले, ते सगळ्यांच्या घरात असायचे. खरी शिक्षा पुढची होती. त्यांनी पुस्तक जात्याच्या दगडाखाली ठेवलं, घड्या मोडाव्यात म्हणून, आठ दिवस. आणि मला सांगितलं, रोज संध्याकाळी याचं पुस्तक तपासायचं. एक घडी दिसली तर मला सांग. मी तपासलं. वर्षभर तपासलं. एकही घडी सापडली नाही आणि नंदूने परत कधी अख्खा धडा वाचला नाही. तो चौथीत राहिला. पुढे रखडत सातवीपर्यंत गेला आणि मग शेतावर. मी डी.एड. होऊन पेणच्या शाळेत लागले. आमच्या घरात एक मूल हुशार आणि एक मूल उनाड, अशी वाटणी झाली, आणि ती कुणी परत तपासली नाही.

धाटावला कंपन्या उभ्या राहत होत्या तेव्हा नंदू तिथे लागला. आधी हमाली, मग प्लँटवर. काम फिरायचं होतं. दर तासाला जिने चढायचे, टाक्यांवरचे काटे बघायचे, खाली येऊन शीटवर आकडे भरायचे. ज्या पायांनी त्याला शाळेतून हाकललं होतं, त्याच पायांवर त्याने तीस वर्षं नोकरी केली. रोह्यात दोन खोल्या घेतल्या, लग्न केलं, दोन्ही मुली शिकवल्या. मी भाऊबीजेला जायचे. तो मला घ्यायला स्टँडवर यायचा, माझी पिशवी घ्यायचा आणि घरी पोचेपर्यंत माझ्या पुढे दहा पावलं चालायचा. थांबायचा, वळून बघायचा, परत पुढे. मला वाटायचं, अजून सुधारला नाही.

साधारण वीस वर्षांपूर्वी पेणला आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. आम्ही सगळ्याजणी जांभया देत बसलो होतो, कारण प्रशिक्षणं तशीच असतात. मुंबईहून एक डोळ्यांच्या डॉक्टरबाई आल्या होत्या. माझ्याच वर्गातली एक मुलगी त्यांनी समोर बसवली, अतिशय चळवळी, बाकावर एक मिनिट न टिकणारी. वाचताना ओळी गाळायची. तिच्या आईने तिला दोनदा चष्म्याच्या दुकानात नेलं होतं आणि नंबर काही निघत नव्हता. बाईंनी दोन हातांत दोन पेनं धरली आणि तिला म्हणाल्या, मी जे पेन उचलीन त्याच्याकडे बघायचं नाही, दुसऱ्याकडे बघायचं. मुलगी हो हो म्हणाली. पेन उचललं की तिचे डोळे त्याच्यावरच जायचे, मग ती जीभ चावायची, मग दुसरीकडे बघायची. दहांतून आठ वेळा तसंच. बाई आम्हाला म्हणाल्या, हिला समजलेलं आहे, तुम्ही तिची जीभ बघा. डोळ्यात दोष नाही, समजण्यात दोष नाही. डोळ्याला 'थांब' म्हणणारा निरोप उशिरा पोचतो.

मग त्यांनी वाचनाचं सांगितलं. वाचताना कुणाचाच डोळा ओळीवरून सरकत जात नाही, तो छोट्या छोट्या उड्या मारत जातो. ओळ संपली की एक लांब उडी मागे मारून पुढच्या ओळीच्या तोंडाशी यावं लागतं. चंचल मुलांपैकी काहींची ती उडी चुकते, डोळा भलत्याच ओळीवर पडतो, आणि आपण म्हणतो लक्ष नाही. सगळ्यांचं कारण हेच असतं असं नाही, हे त्यांनी दोन-तीनदा बजावलं. पण एवढं तरी करून बघा, म्हणाल्या, वाचायच्या ओळी सोडून बाकीचं पान झाका. माझ्या शेजारची बाई वहीत उतरवून घेत होती. मी काही उतरवलं नाही. मला पडवी दिसत होती, आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलणारा नंदू.

पुढच्याच रविवारी मी रोह्याला गेले. नंदूची दुसरी शिफ्ट होती, दुपारपर्यंत घरीच होता. मी त्याच्यासमोर दोन पेनं धरली. तो हसायला लागला, "ताई, मी काय बालवाडीत हाय का?" पण बसला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, दोन मुलींचा बाप, आणि त्याचे डोळे दर वेळी उचललेल्या पेनावर. तोही जीभ चावत होता. मी पेनं खाली ठेवली आणि विचारलं, "तू पुस्तकाला घड्या का घालायचास रे?"

तो म्हणाला, "ओळ पळायची गो. घडी घातली की तिला जायला जागा नाय." इतकं सरळ. डॉक्टरबाईंना तासभर लागला होता. मग तो उठला आणि कपाटातून एक जुनी लॉगशीट घेऊन आला. आडव्या घड्या, प्रत्येक तासाच्या रकान्याखाली एक. म्हणाला, पहिल्यांदा साहेब ओरडले, शीट खराब करतो म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं की सगळ्या पोरांचे आकडे कधी ना कधी वरच्या-खालच्या रकान्यात जातात, याचे जात नाहीत. तेव्हापासून नवीन माणूस आला की साहेब त्याला नंदूकडे पाठवायचे, घडी घालायला शिकायला. "कंपनीत माझी घडी कुणी मोडली नाय," तो म्हणाला. त्याने ते टोचून म्हटलं नव्हतं. टोचून बोलणं त्याला जमायचंच नाही.

तेव्हाच मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तोच पुढे म्हणाला, "अण्णांना गुरुजींनीच सांगितलं असणार. मी त्या माणसाशी कधी बोललो नाय मग." आणि मला आठवलं, आमचे म्हातारे गुरुजी एकदा एसटीत उभे होते, नंदू बसला होता, आणि उद्धट वाटेल अशा तऱ्हेने खिडकीबाहेर बघत राहिला होता. वाटेल त्या अनोळखी बाईला जागा देणारा माझा भाऊ. गुरुजी वारले तेव्हा सगळा गाव गेला, तो गेला नाही. या सगळ्याचा धनी मी होते आणि गुरुजींना ते माहीतही नव्हतं. मी चहा प्यायले, मुलींची वेणी घातली आणि संध्याकाळच्या गाडीने पेणला आले.

पुढे वर्गात मी लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याला खिडक्या कापून मुलांना वाटायला लागले. दोन ओळी दिसतील एवढी खिडकी. काही मुलांना फरक पडला, काहींना काडीचाही पडला नाही, ते मी कधी लपवलं नाही. पण गवगवा झाला. मला इतर शाळांत बोलवायला लागले. मी सांगायचे, अशा मुलांसाठी लिहिताना अक्षर मोठं काढा, ओळी थोड्या ठेवा, आणि मुख्य गोष्ट सगळ्यात आधी लिहा, कारण ती दमतात, शेवटपर्यंत पोचतीलच असं नाही. टाळ्या मिळायच्या. हे सगळं कुणाकडून शिकलात असं विचारलं की मी डॉक्टरबाईंचं नाव सांगायचे.

गेल्या पावसाळ्यानंतर नंदूचं दुखणं निघालं. यकृताचं होतं, उशिरा कळलं. मी आठवड्यातून दोनदा जायचे. खोलीत कुणी ना कुणी असायचं, मुली, जावई, शिफ्टवरचे मित्र. तोंडाने सांगणं मला जमेना. म्हणून एका दुपारी बसून पत्र लिहिलं. तीन मोठे कागद. आधी आमचं गाव, आई, वालाच्या शेंगा. मग माझं शिक्षण, प्रशिक्षण, डॉक्टरबाई. मग मोठेपणी आपल्याला लहानपण कसं वेगळं दिसतं याबद्दल बरंच काही. आणि तिसऱ्या कागदाच्या तळाशी, सही करायच्या आधी, ते एक वाक्य. सगळं माझ्या बारीक, गिचमिड अक्षरात. लोकांना शिकवलेला एकही नियम मी पाळला नव्हता, आणि हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. मला वाटलं, छान झालंय पत्र. पुढच्या खेपेला ते त्याच्या हातात दिलं.

शेवटची भेट झाली ती तो जायच्या चार दिवस आधी. खोलीत फक्त शैला होती. तो खूप वाळला होता, पण पाय चादरीखाली हलतच होते. मी विचारलं, "पत्र वाचलंस?" म्हणाला, "वाचतोय." मी म्हटलं, "राहू दे रे ते. मी तोंडानेच सांगते काय आहे त्यात." त्याने हात वर केला, ट्रॅफिकचा पोलीस करतो तसा. "सांगू नको," म्हणाला. "तू मला आजपर्यंत कधी पत्र लिहिलं नाय. मीच वाचणार." त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं, पडवीतल्या त्या दुपारचं. मी गप्प बसले. मला भीती वाटत होती म्हणून गप्प बसले की त्याचा आनंद मोडवेना म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही... बहुतेक दोन्ही.

बाराव्यानंतर शैलाने ते पत्र माझ्या हातात दिलं. त्याच्या उशीखाली होतं. पहिल्या कागदाला वरपासून खालपर्यंत बारा घड्या. दुसऱ्या कागदाला पाच. पाचव्या घडीच्या खाली तो सपाट होता, आणि तिसरा तर मी दिला तसाच, कोरा करकरीत.

"रोज एक-दोन घड्या वाचायचे," शैला म्हणाली. "दमायचे. मी म्हटलं मी वाचून दाखवते, तर नको म्हणाले. म्हणायचे, ताईने एवढं लिहिलंय म्हणजे शेवटी कायतरी असेल." मग तिने विचारलं, "काय होतं हो, वन्सं, शेवटी?"

मी तिला सांगितलं. ती उठली. भांडी विसळायला आत गेली, बाहेर आली, आणि म्हणाली, "त्यांना राग आला असता. दोन दिवस बोलले नसते. तिसऱ्या दिवशी तुम्हाला स्टँडवर घ्यायला आले असते." असं म्हणून तिने मला धीर दिला, की जे गेलं ते किती होतं हे दाखवलं, कोण जाणे. ते दोन दिवसांचं न बोलणंसुद्धा मला मिळालं नाही.

पत्र आता माझ्याकडे आहे. त्या घड्या मी हाताने कधी सारख्या करत नाही. टेबलावर ठेवलं तर त्या आपोआप उचलल्या जातात आणि कागद जागच्या जागी थोडा हलतो, म्हणून वर काही ठेवतही नाही. वजनाखाली एकदा ठेवून झालं आहे. पेणच्या माझ्या खोलीत दुपारी पंखा लावला की तो हलतो, मी बघते, आणि मग उठून कामाला लागते.

एक गोष्ट शैलाने मला नंतर सांगितली. नंदू रविवारचा पेपर न चुकता घ्यायचा. मला वाटायचं मुलींसाठी घेत असेल. शैला म्हणाली, नाही, स्वतः वाचायचे, पुरवणीसकट. पेपराचा कॉलम अरुंद असतो, ओळ चार-पाच शब्दांत संपते, डोळ्याला फार लांब उडी मारावी लागत नाही. तेवढं त्याला घडी न घालता वाचता यायचं. मी इतकी वर्षं खिडक्या कापत होते आणि हे मला सुचलं नव्हतं. म्हणून हे त्याच रविवारच्या पुरवणीसाठी लिहिलं. उशीर झाला आहे, आणि मुख्य गोष्ट याही वेळी शेवटीच आली, सवय जात नाही.

नंदू, घड्यांचं अण्णांना मी सांगितलं होतं. गुरुजींनी नाही.